शेवटच्या खंडापासून सुरू झालेली सूची

नर्सिंगच्या इतिहासाचं कोणतंही पुस्तक उघडलं की सुरुवात फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून होते, आणि सर्वसामान्य वाचकासाठी तो इतिहास बहुधा तिथेच संपतो. क्रिमियाचं युद्ध, हातातला दिवा, लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधली शाळा हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मला कित्येक वर्षं ओढ आहे ती पुढच्या कथेची. रुग्णालयाच्या आवारात, मेट्रनच्या धाकात वाढलेलं हे शिक्षण विद्यापीठात कसं शिरलं? आणि शिरल्यावर त्याने तिथे नेमकं काय केलं? ही उत्तरं शोधताना मी अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलपाशी पोचलो आणि तिथल्या एका चारखंडी सूचीत अडकलो तो अडकलोच.

या स्कूलची पायाभरणी एका अहवालाने केली. रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर नर्सिंगच्या शिक्षणाची पाहणी करायला नेमलेल्या समितीचं अध्यक्षपद येलमधले सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक विन्स्लो यांच्याकडे होतं. पण पाहणीचं खरं काम केलं जोसेफिन गोल्डमार्क यांनी. त्या नर्स नव्हत्या, डॉक्टरही नव्हत्या. कारखान्यात राबणाऱ्या बायकांचे कामाचे तास आणि थकवा हा त्यांचा अभ्यासाचा विषय. १९०८ साली धुलाई-कामगार स्त्रियांच्या दहा तासांच्या दिवसाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा वकील लुई ब्रँडाइस यांनी तिथे मांडलेला पुराव्यांचा ढीग गोळा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अशी बाई नर्सिंगच्या शाळांमध्ये गेली तेव्हा तिला तिथे विद्यार्थिनी कमी आणि कामगार जास्त दिसल्या, यात नवल नाही. शिकवण्याच्या नावाखाली मुलींना पाळीला जुंपायचं आणि त्यांच्या श्रमावर रुग्णालय चालवायचं, हा तेव्हाचा शिरस्ता होता. १९२३ च्या अहवालात गोल्डमार्क यांनी तो उघडा पाडला. शाळा रुग्णालयाच्या गरजेवर नव्हे, शिक्षणाच्या गरजेवर चालली पाहिजे आणि त्यासाठी तिला स्वतःचा पैसा हवा, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता.

त्याच वर्षी येलने स्वतंत्र नर्सिंग स्कूल काढलं आणि ॲनी गुडरिच यांना डीन नेमलं. येलमध्ये डीनच्या खुर्चीवर बसलेली ही पहिली स्त्री. पुढे रॉकफेलरने दहा लाख डॉलरची कायम ठेव दिली आणि शाळेचा श्वास मोकळा झाला. १९३४ पासून तर आधी पदवी घेतलेल्या मुलींनाच प्रवेश मिळू लागला. त्यानंतरची वीस वर्षं मी भरभर ओलांडतो. अभ्यासक्रम, युद्धकाळ, नव्या इमारती हे सगळं कुठल्याही संस्थेच्या स्मरणिकेत असतं तसंच आहे.

खरा भडका उडाला १९५६ मध्ये. येलचे अध्यक्ष ग्रिस्वोल्ड हे मानव्यविद्यांचे कट्टर पुरस्कर्ते होते. विद्यापीठाने व्यवसायाचं शिक्षण किती द्यावं याबद्दल त्यांची मतं ठाम होती. नर्सिंगमध्ये नव्याने येणाऱ्या पदवीधरांचा मूळ अभ्यासक्रम बंद करण्याचं त्या वर्षी ठरलं. आधीच नर्स असलेल्यांसाठी छोटा पदव्युत्तर वर्ग तेवढा उरला. माजी विद्यार्थिनी संतापल्या आणि मला त्यांचा संताप रास्त वाटतो. ज्या शाळेने नर्सिंगला विद्यापीठाची प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचंच मुख्य दार लावून घेतलं गेलं होतं. हे दार १९७४ मध्ये पुन्हा उघडलं, म्हणजे मधली अठरा वर्षं नर्स नसलेल्या पदवीधर मुलीला त्या दाराने नव्याने प्रवेश नव्हता. तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. शाळा लहान झाली, शिकवण्याचा बोजा हलका झाला आणि उरलेल्या मोजक्या माणसांनी त्या काळात जे काम केलं, त्याला तोड नाही.

त्या माणसांमध्ये एक होत्या व्हर्जिनिया हेंडरसन. जन्म १८९७ चा. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने काढलेल्या नर्सिंग शाळेतून त्या १९२१ मध्ये बाहेर पडल्या. त्या शाळेच्या प्रमुखही गुडरिचच होत्या. १९५३ मध्ये हेंडरसन येलला आल्या त्या नर्सिंगमधल्या आजवरच्या संशोधनाची राष्ट्रीय पाहणी करायला. समाजशास्त्रज्ञ लिओ सिमन्स सोबत होते. पाहणीतून निघालेला निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. नर्सवरचे अभ्यास भरपूर होते : ती या पेशात का येते, का सोडते, तिला काय येतं, तिच्याबद्दल इतरांना काय वाटतं. पण नर्स रोग्यासाठी जे करते, त्याने रोग्याला काय होतं, याचे अभ्यास त्या मानाने फारच थोडे. १९५६ मध्ये 'नर्सिंग रिसर्च' या नियतकालिकाच्या संपादकीयात त्यांनी हाच प्रश्न थेट विचारला.

आणि मग त्या सूचीला लागल्या. 'नर्सिंग स्टडीज इंडेक्स' हे तिचं नाव. १९०० ते १९५९ या साठ वर्षांत नर्सिंगविषयी इंग्रजीत छापल्या गेलेल्या अभ्यासांची, संशोधनपद्धतींची आणि ऐतिहासिक साहित्याची ही विषयवार, टिपणांसह केलेली नोंदणी आहे. नियतकालिकं, पुस्तकं, पत्रकं सगळं त्यात आलं. गंमत पाहा, चौथा खंड आधी निघाला. १९५७ ते ५९ या वर्षांचा तो खंड १९६३ मध्ये, १९५० ते ५६ चा १९६६ मध्ये, १९३० ते ४९ चा १९७० मध्ये आणि शतकाच्या आरंभाचा पहिला खंड सर्वांत शेवटी, १९७२ मध्ये. ताजं ते कामावरच्या नर्सच्या हातात आधी पडावं, हाच क्रम मला शहाणपणाचा वाटतो. पहिला खंड निघाला तेव्हा हेंडरसन पंच्याहत्तरीच्या घरात होत्या. त्यानंतर त्यांनी आपल्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकाची सहावी आवृत्ती सहकारी लेखिकेसह नव्याने लिहून काढली; ती १९७८ मध्ये आली.

हेंडरसन जगभर ओळखल्या जातात त्या नर्सिंगच्या व्याख्येसाठी. आपल्याकडच्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या चौदा मूलभूत गरजा पाठ असतात : श्वास, खाणंपिणं, मलमूत्र, हालचाल, झोप, कपडे इथपासून संवाद, उपासना, काम, करमणूक आणि शिकणं इथपर्यंत. बळ, इच्छा किंवा माहिती असती तर माणसाने स्वतःच केलं असतं ते त्याच्यासाठी करायचं आणि लवकरात लवकर त्याला आपल्याशिवाय चालेल असं बघायचं, हे त्यांच्या विचाराचं सार. व्याख्या परीक्षेत येते म्हणून पाठ होते. सूची परीक्षेत येत नाही, म्हणून विसरली जाते. मला मात्र सूची व्याख्येइतकीच मोठी वाटते. आपल्या पेशाने आजवर काय शोधलं हे ज्याला एका जागी पाहता येत नाही, त्याला पुढे काय शोधायचं तेही कळत नाही.

येलमध्ये मात्र पुढचं शोधणं सुरू झालं होतं. आयडा ओर्लँडो यांनी नर्स आणि रोगी यांच्यातल्या शेकडो प्रसंगांचा अभ्यास करून १९६१ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांचं सांगणं साधं होतं : रोग्याला काय हवं ते गृहीत धरू नका, तुम्हाला जे जाणवलं ते त्याला बोलून दाखवा आणि बरोबर आहे का ते त्यालाच विचारा. रेटॉ डुमास या कृष्णवर्णीय नर्सने रॉबर्ट लेनर्ड यांच्यासह हीच गोष्ट प्रयोगाला लावली. शस्त्रक्रियेआधी काही रोग्यांजवळ नर्स थांबली. त्यांची घालमेल कशाची आहे ते तिने विचारून घेतलं आणि ती कमी झाली का याची खात्री करूनच त्यांना आत सोडलं. बाकीच्यांना नेहमीची सेवा मिळाली. मग मोजलं काय, तर शुद्धीवर येताना कोणाला उलट्या झाल्या. नर्सने ज्यांचं मन हलकं केलं होतं, त्यांच्यात उलट्यांचं प्रमाण कमी भरलं. १९६३ मध्ये हा निबंध छापून आला. प्रयोग लहान होते, पण नर्सच्या बोलण्याला वजनकाट्यावर ठेवण्याचं धाडस त्यात होतं. डुमास पुढे मिशिगन विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलच्या डीन झाल्या.

त्याच १९६३ मध्ये लंडनच्या सिसिली सॉन्डर्स येलला व्याख्यानाला आल्या. मरणाच्या वाटेवरच्या रोग्याच्या वेदना कशा आवरता येतात, हे त्या सांगत होत्या. डीन फ्लॉरेन्स वॉल्ड यांच्यावर त्याचा असा परिणाम झाला की काही वर्षांत त्यांनी डीनपद सोडलं, सॉन्डर्स यांच्या सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसमध्ये, म्हणजे मरणासन्न रोग्यांच्या सेवाकेंद्रात, जाऊन काम पाहिलं आणि परतल्यावर न्यू हेवनमध्ये मरणासन्न रोग्यांचा अभ्यास हाती घेतला. त्यातून १९७४ मध्ये कनेक्टिकट हॉस्पिस उभं राहिलं, अमेरिकेतलं पहिलं. म्हातारपणी वॉल्ड तुरुंगांतही गेल्या. तिथल्या कैद्यांना आपल्याच आजारी सोबत्यांची शेवटची सेवा करायला शिकवण्याच्या कामात त्या होत्या. हॉस्पिसचा हा विचार आपल्याकडे १९८६ मध्ये वांद्र्याच्या शांती अवेदना आश्रमाच्या रूपाने रुजला, पुढे गोव्यातही पोचला. हेंडरसन १९९६ मध्ये अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी वारल्या, त्या कनेक्टिकटमधल्या हॉस्पिसमध्येच.

हे सगळं आपल्या कामाचं कसं? भारताच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला त्या १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज १९६४ मध्ये निघालं. १९९८ पासून नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. पदव्यांचा प्रश्न आपण बऱ्याच अंशी सोडवला. पण एमएस्सी नर्सिंगच्या प्रबंधांची शीर्षकं चाळून पाहा. अमुक विषयावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम दिला आणि ऐकणाऱ्यांच्या ज्ञानात किती भर पडली, हा साचा पुन्हा पुन्हा भेटतो. आधी प्रश्नावली, मग भाषण, मग तीच प्रश्नावली. ज्ञान मोजलं जातं. पाठीवरची जखम, रात्रीची झोप, शस्त्रक्रियेआधीची भीती मोजायची राहून जाते. हेंडरसन यांनी १९५६ मध्ये ज्यावर बोट ठेवलं, ते दुखणं हेच.

त्यावरचा उपाय विद्यार्थिनींवर ढकलून चालणार नाही. प्रबंधासाठी वॉर्डात काही महिने मोकळीक, रोग्याचं काय झालं ते पाहायला वेळ आणि मार्गदर्शक म्हणून वॉर्ड जाणणाऱ्या अनुभवी सिस्टर हे विद्यापीठानेच द्यायला हवं. आणि सर्वांत आधी एक सूची हवी. महाराष्ट्रातल्या नर्सिंग महाविद्यालयांत आजवर झालेल्या सगळ्या प्रबंधांची, रोग्याला काय फरक पडला या एकाच प्रश्नाभोवती लावलेली, दोन ओळींच्या टिपणासह. हेंडरसन यांच्या हाती कार्डं आणि टंकलेखन यंत्रं होती, तरी त्यांनी साठ वर्षांचं साहित्य लावलं. आपल्याकडे संगणक आहे, ग्रंथालयं आहेत आणि दरवर्षी नवे शेकडो विद्यार्थी आहेत. यंदाच्या प्रबंधांपासून सुरुवात करून मागे मागे गेलं तरी चालेल. त्यांनीही तसंच केलं होतं.