आपणहून कपात घेतली, मग भत्ता कशाचा?

श्रोतेहो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतल्या एका कारखान्यात जाहीर होतं, की पुढच्या महिन्यात दहा माणसं कमी करायची आहेत. युनियनच्या करारानुसार सर्वांत शेवटी लागलेले दहाजण जाणार. त्यांत एक तिशीतला कामगार आहे. घरी दोन लहान मुलं, घरकर्जाचे हप्ते नुकतेच सुरू झालेले. त्याच्या शेजारच्या यंत्रावरचे साठीला आलेले गृहस्थ पुढे होतात आणि म्हणतात, ‘याच्याऐवजी माझं नाव घाला.’ नाव घातलं जातं. कपात झाल्यावर हे गृहस्थ बेकारी भत्त्यासाठी अर्ज करतात, आणि घरातच कोणीतरी विचारतं, ‘तुम्ही तर स्वतःच्या पायांनी बाहेर पडलात, मग भत्ता कशाचा?’

आपल्यापैकी अनेकांची मुलं, भाचे-पुतणे तिकडे स्थायिक आहेत. कपातीची लाट आली की असे प्रश्न त्यांच्याही घरी येतात, म्हणून आज हा विषय घेतला आहे. एच-१बी व्हिसावर असलेल्यांची अडचण मात्र निराळी. नोकरी गेली की त्यांना जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते, आणि ‘कोणतंही योग्य काम घ्यायला मोकळा’ ही भत्त्याची अट पुरी करणं त्यांना अवघड जातं. आजचं बोलणं मुख्यतः ग्रीन कार्डधारक आणि नागरिक झालेल्यांसाठी आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्या कामगार कायद्यात ‘ले-ऑफ’ म्हणजे कच्चा माल नाही, वीज नाही, यंत्र मोडलं म्हणून तात्पुरतं काम न देणं. कायमचं कमी करायचं असेल तर आपण ‘कपात’ म्हणतो. अमेरिकेत आता दोन्हींना ‘ले-ऑफ’च म्हणतात. राजीनामा ही तिसरीच गोष्ट, आणि आपला सगळा वाद राजीनामा आणि ले-ऑफ यांच्या सीमारेषेवरचा आहे.

हा भत्ता म्हणजे दानधर्म नव्हे, तो विमा आहे. विस्कॉन्सिन राज्याने महामंदीच्या काळात, १९३२ साली, असा पहिला कायदा केला. १९३५ मध्ये रूझवेल्ट यांच्या सामाजिक सुरक्षा कायद्याने तो देशभर नेला. विस्कॉन्सिन विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ जॉन कॉमन्स यांची कल्पना अशी होती, की विम्याचा भार मालकावर टाकावा, आणि जो मालक जास्त माणसं काढील त्याचा दर जास्त असावा. म्हणजे कामगाराला घरी पाठवण्यापूर्वी मालक दोनदा विचार करील. आजही अलास्का, न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनिया ही तीन राज्यं सोडली, तर कामगाराच्या पगारातून यासाठी काही कापलं जात नाही. केंद्राचा कर पहिल्या ७,००० डॉलर पगारावर ६ टक्के असतो. राज्याचा कर वेळेवर भरणाऱ्या मालकाला त्यात सूट मिळून तो साधारणपणे माणशी वर्षाला ४२ डॉलरवर येतो. ही ७,००० ची मर्यादा १९८३ पासून हललेली नाही! राज्यांचे कर वेगळे, आणि खरा भत्ता त्यांतूनच निघतो. बहुतेक राज्यांत तो जास्तीत जास्त २६ आठवडे मिळतो, काही ठिकाणी त्याहून कमी. रक्कम पगाराच्या निम्म्याच्या आसपास धरली जाते, पण वर कमाल मर्यादा असल्याने चांगला पगार असलेल्याच्या हाती निम्माही येत नाही.

विम्याचं मूळ तत्त्व सांगतं, की संकट आपण ओढवून आणलेलं नसावं. म्हणूनच सबळ कारण नसताना नोकरी सोडणाऱ्याला भत्ता नाकारतात. मग आपल्या गृहस्थांचं काय? माझ्या मते त्यांचा हक्क पुरेपूर आहे. दहा जागा जाणार हे मालकाने ठरवलं. गृहस्थांनी फक्त त्यांपैकी एक जागा कोणाची, एवढंच बदललं. ते गप्प बसले असते तर तो तरुण भत्ता घेऊन घरी बसला असता. निधीवर दहा दावे येणारच होते, आले दहाच.

कॅलिफोर्नियाच्या कायद्याने ही गोष्ट स्पष्ट शब्दांत मान्य केली आहे. सामूहिक करारात तशी तरतूद असेल आणि ज्येष्ठ कामगाराने कनिष्ठाच्या जागी कपात पत्करली, तर त्याने सबळ कारणाने नोकरी सोडली असंच धरलं जातं. पेन्सिल्व्हेनियातही स्वेच्छेने कपात स्वीकारणाऱ्याला संरक्षण आहे. कंपनीने मुदतपूर्व निवृत्तीची योजना देऊन माणसं कमी केली, तर ते संरक्षण लागू होतं की नाही यावर तिथे बराच काळ वाद होता. २०१२ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते लागू होतं असा निकाल दिला. सगळीकडे मात्र असं नाही. काही राज्यांत अधिकारी विचारतात, ‘तुमची स्वतःची नोकरी खरोखर धोक्यात होती का?’ उत्तर नाही असेल, तर हाती पडलेला पैशांचा देकार घेऊन गेलेला माणूस तिथे राजीनामा देणाराच ठरतो.

आपल्याकडचे नियम याबाबत जास्त कडक आहेत. राज्य विमा महामंडळाची २००५ ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आणि २०१८ ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, दोन्ही बेकारीत रोख मदत देणाऱ्या. पण दोन्हींत स्वेच्छानिवृत्ती घेणारा बाहेर ठेवला गेला. यामागचा हिशेब कळण्यासारखा आहे. आपला ‘गोल्डन हँडशेक’ घेणाऱ्याच्या हाती बहुधा एकरकमी पैसे पडतात. २०१९ मध्ये बीएसएनएलच्या सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी तो घेतला. अमेरिकेत निरोपाची अशी रक्कम देण्याचं बंधन केंद्रीय कायद्याने मालकावर घातलेलं नाही. रकमेशिवाय गेलेल्याला तिथे भत्त्याचाच आधार. बाकी ‘स्वेच्छा’ या शब्दावर आपण फार विसंबू नये. ज्यांनी गिरण्यांचे आणि कारखान्यांचे दरवाजे बंद होताना पाहिले, त्यांना ती कशी वसूल केली जाते हे मी सांगायला नको.

आता अवघड भाग. समजा, त्या गृहस्थांनी पुढच्या महिन्यात नोकरी सोडून मुलीकडे राहायला जायचं आधीच ठरवलं होतं. ते मुकाट्याने राजीनामा देते, तरी तो तरुण वाचला असता, आणि निधीवर दावे आले असते नऊच. इथे दहावा दावा त्यांनी निर्माण केला. कायदा त्यांना कदाचित पकडणार नाही, पण या हिशेबात ते मला खटकतात.

त्याहून मोठी गोष्ट आहे ती दर आठवड्याच्या जबाबाची. भत्ता चालू ठेवायला माणसाला वेळोवेळी, बहुतेक ठिकाणी आठवड्याला किंवा पंधरवड्याला, लिहून द्यावं लागतं, की मी काम करण्यास सक्षम आहे, उपलब्ध आहे आणि काम शोधतो आहे. कपातीसाठी हात वर करण्यात खोटं काहीच नव्हतं. पण ज्याने मनात निवृत्ती ठरवून टाकली आहे, किंवा जो चार महिने भारतात येऊन राहिला आहे, त्याने या ओळींना ‘होय’ म्हणणं हे सरळ खोटं आहे. साठीचे असूनही गृहस्थ खरोखर नोकरी शोधत असतील, आलेलं योग्य काम नाकारत नसतील, तर त्यांना कोणी बोट दाखवू नये.

दुसरा प्रकार तर उघड लबाडीचा. काम सोडायचं स्वतःला असतं, कपात वगैरे काही नसते, आणि साहेबाला गळ घातली जाते, ‘मला कमी केल्याचं दाखवा ना!’ साहेबही मोठ्या मनाने दाखवतो, कारण पैसे आपल्या खिशातून जात नाहीत असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात कंपनीचा कराचा दर वाढू शकतो, आणि नोंद खोटी करणारे दोघेही गोत्यात येतात. फसवणूक सिद्ध झाली तर घेतलेला भत्ता परत करावा लागतो, वर किमान १५ टक्के दंड असतो, आणि फौजदारी खटलाही होऊ शकतो.

म्हणून अर्जावर ‘नोकरी सुटण्याचं कारण’ या रकान्यात नुसतं ‘ले-ऑफ’ लिहून थांबू नये. कंपनीने कपात जाहीर केली, अमुक तारखेला मी आपणहून नाव दिलं, असं पूर्ण लिहावं. कपातीच्या घोषणेचं पत्र आणि योजनेचा कागद जपून ठेवावा, कारण अधिकारी ते मागू शकतात. भत्ता मिळालाच तर त्यावर केंद्रीय आयकर लागतो, तेव्हा सगळी रक्कम खर्चाला धरू नये. नकार आला तर अपील करता येतं. त्याची मुदत थोडी असते आणि नकाराच्या नोटिशीवरच छापलेली असते, तेव्हा ती नोटीस हाती पडताच पहिल्यांदा तारीख पाहावी.