बॅकअपची साखळी कुठे तुटली, हे कसं ओळखायचं?

मागच्या भागात आपण फुल बॅकअप पाहिला. आज इन्क्रिमेंटल बॅकअप, आणि त्यात एरर आली तर काय करायचं, ते पाहू.

मी नोएडात राहतो आणि दिल्ली, गाझियाबाद, गुरुग्राममधल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. ‘आमचा बॅकअप रोज होतो’ हे वाक्य मी सगळीकडे ऐकतो. त्यावर माझा एकच प्रश्न असतो: त्यातून एखादी फाईल परत काढून शेवटची कधी पाहिली होती?

या प्रश्नाची किंमत दिल्लीने पाहिली आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी एम्सवर सायबर हल्ला झाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा एन्क्रिप्ट झाला, म्हणजे कुलूपबंद झाला. देशभरातून आलेल्या रुग्णांच्या नोंदी हाताने लिहाव्या लागल्या. ई-हॉस्पिटलची बरीचशी कामं पूर्ववत व्हायला दोन आठवडे गेले. तरी डेटा परत मिळाला, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून वाचला होता.

आता आपल्या विषयाकडे. इन्क्रिमेंटल बॅकअप म्हणजे दुकानाची रोजकीर्द समजा. रविवारी फुल बॅकअप घेतला, ती आरंभीची शिल्लक. सोमवारपासून रोज फक्त बदललेल्या फाईल्सची नोंद होते. वेळ आणि जागा दोन्ही वाचतात. पण शुक्रवारची स्थिती परत आणायची तर रविवारचा एक आणि सोमवार ते शुक्रवारचे पाच, असे सहाही तुकडे शाबूत लागतात. बुधवारचं पान फाटलं तर मंगळवारपर्यंतचाच हिशोब भरवशाचा. डिफरन्शियल बॅकअपमध्ये मात्र दरवेळी रविवारपासूनचे सगळे बदल घेतले जातात, म्हणून रविवार आणि शुक्रवार हे दोनच तुकडे पुरतात. जागा जास्त लागते, पण तुटायच्या जागा कमी.

म्हणून एरर आली की आजचा मेसेज घालवायच्या मागे लागू नका. आधी लॉग उघडा आणि मागे मागे जात शेवटचा यशस्वी बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते शोधा. त्या तारखेनंतर काय बदललं, तिथेच बहुतेक वेळा उत्तर असतं. नेहमीची कारणं अशी:

१. जागा संपली. बॅकअपची डिस्क भरली की नवा तुकडा अर्धाच लिहिला जातो.

२. डिस्क जागेवर नाही. यूएसबी डिस्क दुसऱ्या पोर्टला लावली आणि ई ड्राइव्हचा एफ झाला. सॉफ्टवेअर अजून ई शोधतंय.

३. फाईल उघडी आहे. हिशोबाचं सॉफ्टवेअर चालू असताना त्याची फाईल कुलूपबंद असते. विंडोज अशा वेळी त्या क्षणाची प्रत धरून ठेवतं, तिला व्हॉल्यूम शॅडो कॉपी म्हणतात. मूळ ड्राइव्हवर जागा कमी असेल किंवा ती सेवा अडकली असेल, तर हे काम फसतं. जागा मोकळी करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, पुन्हा चालवा.

४. मधेच वीज गेली. आपल्याकडे मे-जूनमध्ये आँधी आली की लाईट जाते, आणि लिहिणं चालू असेल तर तो तुकडा खराब होतो. कॉम्प्युटरबरोबर बॅकअपची डिस्कही यूपीएसवर हवी.

५. घड्याळ मागे गेलं. जुन्या कॉम्प्युटरची मदरबोर्डवरची बॅटरी संपली की तारीख मागे जाते. फक्त तारखेवरून बदल ओळखणारं सॉफ्टवेअर मग नव्या फाईल्स जुन्या समजून वगळतं, आणि मेसेजही येत नाही. हे सर्वांत फसवं.

लिनक्सवर आरसिंक वापरणाऱ्यांनी शेवटचा कोड बघावा. २४ म्हणजे काम चालू असताना काही फाईल्स नाहीशा झाल्या. त्या तात्पुरत्या फाईल्स असतील तर चिंता नाही. २३ म्हणजे काही फाईल्स कॉपीच झाल्या नाहीत. त्यांची यादी वाचायलाच हवी. बऱ्याचदा परवानगीचा प्रश्न निघतो.

आता एक सवय लावून घ्या. रोजच्या तुकड्याचा आकार बघत जा. रोज दोन जीबी होणारा बॅकअप अचानक शून्यावर आला, तर तो भलताच फोल्डर बघतोय. आणि अचानक फुल बॅकअपएवढा झाला, तर थांबा. कोणी मोठा डेटा हलवला असेल, नाहीतर रॅन्समवेअर फाईल्स एन्क्रिप्ट करत असेल. एन्क्रिप्ट झालेली फाईल ही बॅकअपच्या दृष्टीने फक्त ‘बदललेली’ फाईल असते. तो इमाने इतबारे तीच उचलतो. अशा वेळी आधी डिस्क काढा, नेटवर्क तोडा, मग तपास करा. एक प्रत कायम कॉम्प्युटरपासून वेगळी ठेवायची ती याचसाठी.

साखळी तुटली हे नक्की झालं की दुरुस्तीत दिवस घालवू नका. कारण दूर करा आणि नवा फुल बॅकअप घ्या. पण जुनी साखळी लगेच पुसू नका. जागा करण्यासाठी लोक आधी जुनं डिलीट करतात, आणि नवा बॅकअप पुरा होण्याआधी मूळ डिस्कच बसली तर हातात काहीच उरत नाही. दुसरी डिस्क आणा. फोटो आणि हिशोबापेक्षा ती स्वस्तच पडते.

शेवटी, महिन्यातून एक दिवस ठरवा. त्या दिवशी वेगळ्या फोल्डरमध्ये तीन फाईल्स रिस्टोअर करा: एक जुनी, एक गेल्या आठवड्यातली, एक कालची. नुसती नावं बघू नका, उघडून वाचा. तिन्ही उघडल्या, तरच म्हणा की आमचा बॅकअप होतो.

पुढच्या भागात मोबाईलमधल्या फोटोंच्या बॅकअपबद्दल बोलू. तोवर आज घरी गेल्यावर लॉग एकदा उघडून बघा.