स्वाक्षरी-ग्रहण, इलेक्ट्रॉनीय

स्वाक्षरी-ग्रहण, इलेक्ट्रॉनीय : संवेदी फलकावर लेखणीने वा बोटाने केलेल्या स्वाक्षरीचे तत्क्षणी अंकीय रूपांतर करून ती संगणकातील संबंधित नोंदीस जोडण्याची पद्धती. कामाच्या ठिकाणी हजेरी, वेतनप्राप्ती, अवजारांचा स्वीकार, मालाची पोच इ. व्यवहारांसाठी तिचा उपयोग होतो. कागदावरील सहीचे नंतर छायाचित्र घेणे ही याहून वेगळी क्रिया होय. तीत केवळ आकृती मिळते, लेखनाचा वेग व दाब मिळत नाहीत.

इतिहास : एलिशा ग्रे या अमेरिकन संशोधकाने १८८८ मध्ये तारेच्या साहाय्याने हस्ताक्षर दूरवर उमटविणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळविले. संगणकास जोडलेला लेखनफलक अमेरिकेतील रँड संस्थेत १९६४ च्या सुमारास तयार झाला. सही करू न शकणाऱ्यांचा प्रश्न मात्र याहून जुना आहे. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये रस्त्याच्या खडीच्या करारावर कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा घेतला होता [⟶ अंगुलिमुद्रा].

कार्यपद्धती : फलक लेखणीच्या टोकाचे स्थान दर सेकंदास सु. १०० ते २०० वेळा मोजतो व आडवे स्थान, उभे स्थान, दाब आणि काळ अशी मूल्ये नोंदवितो. दर सेकंदास २०० बिंदू धरल्यास तीन सेकंदांच्या सहीचे ६०० बिंदू होतात. प्रत्येकास आठ बाइट लागल्यास ती ४,८०० बाइटांत मावते. बनावट सही आकाराने हुबेहूब असली, तरी तिचा वेग व थांबे सहसा मूळ सहीशी जुळत नाहीत. म्हणून ही मूल्ये तपासणीस उपयुक्त ठरतात.

माहितीसाठ्यात कामगार, व्यवहार व स्वाक्षरी यांची स्वतंत्र कोष्टके ठेवून ती क्रमांकांनी जोडतात. स्वाक्षरी कोणत्या मजकुरावर झाली हे सिद्ध होण्यासाठी मजकूर व सही यांपासून गणिती रीतीने ‘हॅश’ नावाचे लघुमूल्य काढून जतन करतात. पुढे रकमेत एका आकड्याचा जरी फेरफार झाला, तरी हे मूल्य जुळत नाही. सहीचे चित्र एकदाच साठवून प्रत्येक पावतीवर तेच चिकटविणे हा या पद्धतीचा सर्वांत घातक दुरुपयोग होय. कोऱ्या कागदावर अगोदर घेतलेल्या सहीहून तो वेगळा नाही.

शहापूर व मुरबाड : पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाल्यावरही हे सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. मुरबाड येथे औद्योगिक क्षेत्र आहे. परंतु दोन्ही तालुक्यांतील कातकरी, ठाकूर इ. आदिवासींपैकी अनेक कुटुंबे भातकापणीनंतर वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीस जातात. उचल किती घेतली, किती फिटली व मजुरी किती राहिली याचा हिशेब मालकाच्या वहीत असतो व त्याखाली मजुराचा अंगठा असतो. माती, विटा व दगड हाताळून बोटांवरील रेषा झिजतात, त्यामुळे अंगठा यंत्रास ओळखता येत नाही. सहीचा फलक अशा वेळी पर्याय ठरू शकतो, मात्र तो सही येणाऱ्यांनाच. रोजगार हमीच्या कामांवर हजेरीपटावरील सही-अंगठ्याच्या जोडीला २०२१ मध्ये भ्रमणध्वनीवरून छायाचित्रासह हजेरी घेण्यास प्रारंभ झाला व १ जानेवारी २०२३ पासून, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, ती बंधनकारक झाली.

विधिमान्यता : सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ नुसार लिहिता न येणाऱ्याच्या बाबतीत ‘सही’ या संज्ञेत निशाणीचाही समावेश होतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील अंकीय स्वाक्षरी ही हाताची आकृती नसून कूटलेखनावर आधारलेली खूण आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून मिळणारे अंकीय स्वाक्षरीचे सातबारा उतारे या प्रकारातील होत. फलकावर काढलेली सही आपोआप या वर्गात मोडत नाही. ती पुरावा म्हणून मांडता येते, पण तिची सत्यता स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ नुसार इलेक्ट्रॉनीय अभिलेखासोबत प्रमाणपत्र देणे आवश्यक आहे.

मर्यादा : स्वाक्षरी कोणी केली हे यंत्र काही प्रमाणात दाखवू शकते, करणाऱ्यास मजकूर कळला होता काय, हे दाखवू शकत नाही. म्हणून रक्कम मोठ्याने वाचून दाखविणे, प्रत्येक व्यवहारास नवी सही घेणे, निशाणी करणाऱ्यासाठी त्याच्या विश्वासाचा साक्षीदार ठेवणे व छापील प्रत त्याच्या हाती देणे या दक्षता आवश्यक ठरतात. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या वेतन संहिता, २०१९ मध्ये वेतनपावती देण्याची तरतूद आहे. हिशेबाची प्रत मजुराकडे नसेल, तर वही कागदाची असो वा संगणकाची, तिच्यावरील सही मालकाचाच पुरावा ठरते.