घराच्या मोठ्या कामाचे पैसे कसे द्यायचे? यूपीआय, चेक, रोख आणि हप्त्यांचं गणित



नांदेड-लातूरकडची आपली बरीच पोरं नोकरीसाठी पुण्यात नाहीतर हैदराबादेत असतात आणि घराचं बांधकाम गावाकडे चालू असतं. साइटवर बाबा उभे असतात, गुत्तेदाराशी बोलणं त्यांचंच असतं, आणि "पन्नास हजार टाक रे यांना" असा फोन आला की पैसे पाठवणारे आपण. मीही त्यातलाच. नांदेडला आमच्या घराचा वरचा मजला चढला, तेव्हा बहुतेक सगळे पैसे माझ्या फोनवरून गेले. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो म्हणून मित्र मलाच विचारतात, "यूपीआयनं दिले की सेफ ना?"

थोडक्यात उत्तर असं: यूपीआयनं दिले की पुरावा राहतो, पण पैसे सुरक्षित होत नाहीत. ते सुरक्षित राहतात कामाच्या मागे मागे दिल्यामुळे. हे कसं, ते नीट बघू.

यूपीआयला रिव्हर्स गिअर नाही

तुम्ही पिन टाकता. तुमची बँक खात्यातून रक्कम वजा करते, एनपीसीआयची यंत्रणा समोरच्या बँकेला निरोप देते, ती बँक रक्कम जमा करते. काही सेकंदांत विषय संपला. तुमच्या खात्यातून कापले गेले पण समोर पोहोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. नाही आले तर त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई मिळते. पण रक्कम बरोबर खात्यात पोहोचली आणि काम झालंच नाही, तर यंत्रणेच्या दृष्टीने व्यवहार यशस्वी आहे. पैसे स्लॅबचे होते की उसने दिले होते, हे तिला माहीत नसतं. ते परत आणायचं बटण कोणत्याही ॲपमध्ये नाही.

मग ऑनलाइन मोबाइल मागवला आणि खराब निघाला तर पैसे परत कसे मिळतात? कारण तिथे मध्ये एक वेबसाइट असते. ती तुमचे पैसे घेते आणि विक्रेत्याला काही दिवसांनी देते. तेवढ्या दिवसांत तुमची तक्रार आली की तिच्या हातात काहीतरी शिल्लक असतं. मिस्त्रीच्या व्यवहारात असा मध्यस्थ कुणी नाही. त्याचं काम आपल्याला हप्त्यांकडून करून घ्यावं लागतं.

हप्ता तारखेला नाही, कामाला बांधा

ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. गावात कुणाला घरकुल मिळालं असेल तर विचारा. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या ग्रामीण घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात, पण एकदम नाही. काम ठरलेल्या टप्प्याला आलं की मोबाइल ॲपवरून फोटो अपलोड होतो, त्यासोबत जागेचे अक्षांश-रेखांश जातात, आणि मग पुढचा हप्ता थेट खात्यात येतो. बांधकामासाठी गृहकर्ज घेतलं तर बँकही असंच करते, टप्पा बघून रक्कम सोडते. सरकार आणि बँक दोघंही एकरकमी देत नाहीत, मग आपण का द्यायची?

समजा मटेरियल तुमचं आहे आणि फक्त मजुरीचा गुत्ता ४ लाखांना ठरलाय. साधारण अशी विभागणी करता येते:

- विसार: २० हजार
- कॉलम उभे राहिल्यावर: ५० हजार
- स्लॅब पडला त्या दिवशी: ६० हजार
- सेंट्रिंग उतरवून स्लॅब खालून बघितल्यावर: ४० हजार
- विटांचं काम झाल्यावर: ५० हजार
- आतला-बाहेरचा गिलावा झाल्यावर: ८० हजार
- फरशी आणि नळजोडणी झाल्यावर: ६० हजार
- पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर: ४० हजार

आकडे तुमच्या कामाप्रमाणे बदला, पण दोन गोष्टी सोडू नका. एक, दिलेले पैसे झालेल्या कामापेक्षा कधीच फार पुढे जाऊ नयेत. दोन, शेवटचा दहावा हिस्सा हातात राहिला पाहिजे. गळती, भेगा, फरशीचा उलटा उतार हे सगळं काम "संपल्यावर" दिसतं. बाथरूममध्ये पाणी तुंबवून २४ तास ठेवा आणि खालच्या छताला ओल येते का बघा. त्यानंतरच फरशीचा हप्ता द्या.

विसार लहान ठेवायचं कारण सोपं आहे. एका गुत्तेदाराची एकाच वेळी तीन-चार ठिकाणी कामं चालू असतात. तुम्ही मोठी उचल दिली की तुमच्या पैशावर दुसऱ्याचा स्लॅब पडतो, आणि तुमचा स्लॅब तिसऱ्याच्या विसाराची वाट बघत बसतो. दर वेळी यात लबाडीच असते असं नाही, हातात पैसा खेळता ठेवायची ती पद्धत आहे. पण साखळी तुटली की बुडतो शेवटचा विसार देणारा.

सिमेंट, गज, टाइल्स यांचे पैसे शक्यतो थेट दुकानदाराच्या फर्मच्या खात्यात द्या आणि पक्कं बिल घ्या. गुत्तेदाराच्या हातून मटेरियल आणलं तर उचलीची रक्कम लाखांत जाते आणि जोखीमही तेवढीच वाढते.

मिस्त्रीची बाजूही समजून घ्या

आमच्या मिस्त्रीमामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "भैया, हप्ते तुम्ही कसेबी पाडा. पण बाजाराच्या दिवशी खर्ची नाही भेटली तर दुसऱ्या दिवशी माणूस येत नाही." मामांचं बरोबर होतं. बिगाऱ्यांना आठवड्याचा बाजार करायचा असतो. टप्पा महिन्याने पूर्ण होणार असेल तर तोवर मिस्त्री त्यांना कुठून देणार?

म्हणून दर आठवड्याला ठरलेली खर्ची द्यायची आणि ती पुढच्या हप्त्यातून वजा करायची. हप्त्याचं काम झालं की मात्र पैसे त्याच दिवशी गेले पाहिजेत. इथे यूपीआय खरंच कामाला येतं. बाबांनी साइटवरून व्हिडिओ पाठवला, तुम्ही पुण्यात बघितला, तासाभरात रक्कम मामांच्या खात्यात. वेळेवर पैसे देणाऱ्या घराचं काम मिस्त्री सहसा सोडून जात नाही. तुम्ही शेवटचे ४० हजार राखून ठेवता, त्याला ही वेळेची खात्री जोड म्हणून हवीच.

कोणत्या रकमेला कोणता मार्ग?

यूपीआय: माणसाकडून माणसाला साधारण दिवसाला १ लाखापर्यंत. काही बँकांची मर्यादा यापेक्षा कमी असते. ॲपमध्ये नव्याने नोंदणी केली असेल तर पहिले २४ तास फक्त ५ हजार जातात, म्हणून स्लॅबच्या आदल्या दिवशी नवीन फोनचा मुहूर्त करू नका. खर्ची आणि छोट्या हप्त्यांसाठी हा मार्ग उत्तम.

आयएमपीएस, एनईएफटी, आरटीजीएस: आयएमपीएसने ५ लाखांपर्यंत लगेच जातात. एनईएफटी दर अर्ध्या तासाने चालतं, १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, आणि बचत खात्यातून ऑनलाइन केलं तर शुल्क लागत नाही. आरटीजीएस २ लाख आणि त्यापुढच्या रकमेसाठी. टाइल्सच्या दुकानाचं किंवा गजाचं मोठं बिल असेल तर हाच मार्ग धरा.

चेक: फर्मच्या नावाने, अकाउंट पेयी करून द्या. पुढच्या तारखांचे कोरे चेक कुणाच्या हातात ठेवू नका. काम अर्धवट राहिलं म्हणून तुम्ही चेक थांबवला, तरी समोरचा कलम १३८ खाली खटला भरू शकतो आणि मग खुलासा तुम्हाला करत बसावा लागतो.

रोख: खर्चीपुरती ठीक. पण २०१७ पासून प्राप्तिकर कायद्याप्रमाणे एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी तुकड्या-तुकड्यांत, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. दंड घेणाऱ्याला होतो आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. घरी रोख द्यायची वेळ आलीच तर त्याच क्षणी मिस्त्रीच्या व्हॉट्सॲपवर लिहा, "आज १० हजार रोख दिले", आणि त्यांचं "हो मिळाले" घ्या.

क्रेडिट कार्ड: नळ, कमोड, पंखे, गिझर अशा दुकानातल्या खरेदीला चालतं. माल आलाच नाही तर कार्डाच्या बँकेकडे वाद नोंदवता येतो, ही सोय यूपीआयपेक्षा जास्त. मात्र महिन्याचं पूर्ण बिल भरता येणार असेल तरच वापरा.

दोन कामांचे नियम वेगळे: बोअर आणि सोलर

बोअरला हप्ते चालत नाहीत. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडेकडच्या असतात. रात्रीत बोअर मारून गाडी सकाळी दुसऱ्या गावाला जाते, त्यामुळे पैसे राखून ठेवायला जागाच नसते. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरमध्ये तर उन्हाळ्यात गाडी मिळणं हीच मोठी गोष्ट असते. म्हणून इथे राखण करायची ती मोजमापाची. फुटाचा दर, किती फुटांनंतर दर वाढतो आणि केसिंग पाइपचा वेगळा दर हे एजंटकडून आधी लेखी घ्या. एका रॉडची लांबी विचारा आणि आत जाणारे रॉड मोजत व्हिडिओ काढा. रॉड गुणिले लांबी, एवढाच हिशोब. पाणी लागलं नाही तरी फुटांचे पैसे द्यावेच लागतात, हे घरातल्यांना आधी सांगून ठेवा.

छतावरच्या सोलरमध्ये उलटं आहे, तिथे थांबायला भरपूर जागा असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा त्यापुढच्या यंत्रणेला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पॅनल बसून, तपासणी होऊन, नेट मीटर लागल्यावर ते ग्राहकाच्याच खात्यात येतं. म्हणून विक्रेता योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का बघा आणि शेवटचा हप्ता नेट मीटर सुरू होण्याशी बांधा. मीटरचं काम अडकलं तर वीज बिलही तसंच राहतं आणि अनुदानही लांबतं. त्यासाठी धावपळ करायला विक्रेत्याचे काही पैसे तुमच्याकडे असलेले बरे.

पाठवण्याआधी दोन मिनिटं

१. नाव वाचा. जून २०२५ अखेरपासून यूपीआय ॲपला बँकेत नोंदलेलं नाव दाखवावं लागतं. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्येही १ एप्रिल २०२५ पासून खातेदाराचं नाव आधी बघता येतं. गुत्ता एकाशी आणि नाव भलत्याचं दिसलं तर थांबा. "मेव्हण्याच्या नंबरवर टाका" म्हणाले, तर ते व्हॉट्सॲपवर लिहून मागा.

२. शेरा लिहा. व्यवहाराच्या नोंदीत "हप्ता ३, स्लॅब" असं टाका. सहा महिन्यांनी पासबुकवरच हिशोब सापडतो.

३. स्क्रीनशॉटवर विसंबू नका. तो बनावटही करता येतो. बारा अंकी यूटीआर क्रमांक जपा, बँक त्यावरून व्यवहार शोधते.

४. फोटो-व्हिडिओ मूळ फोनमध्येच ठेवा. पुरावा म्हणून लागले तर मूळ फाइल आणि मूळ चॅट कामाला येतात.

बिनसलंच तर

बनावट क्यूआर, खोटं खातं, अशी फसवणूक वाटली तर लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवलं जाणं महत्त्वाचं असतं, म्हणून इथे मिनिटं मोजली जातात. काम अर्धवट सोडलं किंवा वाईट केलं, तर तो ग्राहक वाद आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तो लातूरलाही आहे, नांदेडलाही आहे, आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते. मोबदला ५ लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तिथे तुमच्याकडे काय मागतील? काय ठरलं होतं, किती दिले, किती काम झालं. म्हणजे वर सांगितलेलंच सगळं.

काम सुरू होण्याआधी मिस्त्रीला हा मेसेज पाठवा, आकडे तुमचे घाला:

"मामा, नमस्कार. आपलं ठरलं ते लिहून ठेवतो. मजुरी एकूण ४ लाख, मटेरियल आमचं. विसार २० हजार. खर्ची दर आठवड्याला ५ हजार, ती पुढच्या हप्त्यातून वजा होईल. हप्त्यांची यादी खाली दिली आहे. काम झालेलं बघितलं की त्याच दिवशी पैसे टाकेन. शेवटचे ४० हजार पहिल्या मोठ्या पावसानंतर. बरोबर असेल तर 'हो' लिहा."

मामांनी यादीत काही बदल सांगितला तर तोही मेसेजमध्येच घ्या. त्यांचं "हो" आलं की विसार पाठवा.