तिसऱ्या मजल्यावरचं पाणी

आपल्याकडे एखाद्याला ‘बीपी आहे’ असं म्हटलं, की त्याचा रक्तदाब वाढलेला आहे असाच अर्थ होतो. खरं तर रक्तदाब प्रत्येकालाच असतो. पण बोलीभाषेनं निकाल देऊन टाकला आहे. वाढतो तो बीपी. कमी होणाऱ्यासाठी आपण जुनेच शब्द ठेवले : घेरी आली, भोवळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, हातपाय गळाले. या शब्दांत भीती कमी आणि काळजी जास्त आहे. त्यामुळे उपायही घरगुतीच. लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, कपभर कॉफी, आणि ‘जरा पडून राहा’. उन्हातान्हात आलेल्या घेरीला एवढं पुरतंही. पण घरात मोठं आजारपण असेल, म्हणजे हृदय दुबळं झालेलं असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, डायलिसिस चालू असेल, तर हेच सरबत एकाला तारतं आणि दुसऱ्याला रात्री दवाखान्यात नेऊन पोचवतं. असं का होतं, तेवढंच आज सांगायचं आहे.

मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण माझ्या थोरल्या आपांचं हृदय दुबळं झालं आणि अडीच वर्षं आमच्या घरात दिवसातून दोनदा रक्तदाब मोजला जात होता. त्या काळात डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले, की शेवटी शेवटी ते मला पाहून आधी खुर्ची पुढे करायचे.

रक्तदाब म्हणजे काय, हे मला समजलं ते आमच्या जुन्या इमारतीवरून. तळाशी पाण्याची टाकी, तिच्यावर मोटर, आणि तिथून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलेले पाइप. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढलं नाही की तीनच कारणं असायची. टाकीत पाणी नाही, मोटर दमली आहे, किंवा खालच्या सगळ्या बिऱ्हाडांनी एकदम नळ सोडले आहेत. शरीरातही तेच. टाकी म्हणजे अंगातलं रक्त आणि पाणी, मोटर म्हणजे हृदय, पाइप म्हणजे रक्तवाहिन्या. आणि तिसऱ्या मजल्यावर मेंदू राहतो. दाब कमी झाला की आधी तक्रार त्याची येते, म्हणून घेरी.

जुलाब, उलट्या, रक्तस्राव, केमोथेरपीनंतर चार दिवस अन्नपाणी न जाणं, या सगळ्यांत टाकी रिकामी होते. इथं मीठ-साखरेचं पाणी म्हणजे औषधच. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला, तेव्हा बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. त्यांनी मीठ, साखर आणि सोडा यांच्या पुड्या पाण्यात कालवून रुग्णांना पाजायला दिल्या. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं. हा माणूस २०२२ साली गेला आणि पद्मविभूषण त्याला २०२३ साली, मरणोत्तर मिळालं. असो. घरी करायचं प्रमाण सोपं आहे : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा.

आता मोटरचं पाहू. हृदय दुबळं झालं की मूत्रपिंडांकडे रक्त कमी जातं. मूत्रपिंडांना वाटतं, टाकीच रिकामी झाली. म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. पाय सुजतात, फुप्फुसांत पाणी साचतं, आडवं झालं की दम लागतो. टाकी भरून वाहते आहे, मोटर मात्र खेचत नाही, अशी ही अवस्था. अशा माणसाला मिठाचं सरबत म्हणजे भरल्या टाकीत आणखी दोन घागरी. आमच्या शेजारच्या काकू मायेनं पेला घेऊन यायच्या. ‘आपा, चेहरा उतरलाय, एवढं घ्याच.’ आपा पेला घ्यायच्या, काकूंशी गप्पा मारायच्या, आणि काकू गेल्या की नातवाला द्यायच्या. माया नाकारायची नाही आणि मीठही घ्यायचं नाही, ही तोड त्यांनीच काढलेली.

आपांचा वरचा आकडा ९४-९६ च्या घरात असायचा. पुस्तकात ९० आणि ६० च्या खाली गेला की कमी, असं लिहिलेलं असतं. डॉक्टर मात्र आकड्याआधी विचारायचे, बोलतायत का नीट? लघवी होते का? घरात चार पावलं टाकतात का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं की म्हणायचे, मग ९४ चालेल. त्यांच्या औषधांचं कामच दाब थोडा खाली ठेवून दमलेल्या मोटरीवरचं ओझं हलकं करण्याचं होतं. इथं पुष्कळ घरांत घोटाळा होतो. आकडा कमी दिसला की कुणीतरी परस्पर गोळी बंद करतं. दोन दिवस बरं वाटतं, आठव्या दिवशी दम लागतो. डॉक्टरांना कळवलं तर त्यांच्याकडे वाटा असतात. दोन गोळ्यांच्या वेळा लांब करतात, एखादीचा डोस उतरवतात, कधी लघवीच्या गोळीला आधी हात घालतात. याच लघवीच्या गोळीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर ती भराभर टाकी रिकामी करते. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारायचं. आणि अशा रुग्णाचं वजन रोज सकाळी करायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अन्नानं वाढलेलं नाही, पाणी साचलं आहे.

उलटंही होतं. ज्याचा दाब वर्षानुवर्षं १६० असतो, त्याचा तापात ११० झाला तर यंत्र म्हणेल उत्तम. त्या माणसासाठी तो कमी असू शकतो. म्हणून आजारपणाआधीचा नेहमीचा आकडा घरात कुणाला तरी ठाऊक हवा.

सगळ्यात अवघड वेळ असते ती उठण्याची. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि पोटात उतरतं. धडधाकट शरीर क्षणात वाहिन्या आवळून ते वर ढकलतं. वय, जुना मधुमेह, दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहणं, रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या, यांनी ही चपळाई जाते. झोपून मोजलेला वरचा आकडा उभं राहिल्यावर तीन मिनिटांत २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर हाच दोष समजायचा. यंत्र घरी असेल तर डॉक्टरांना हे दोन्ही आकडे सांगावेत. नुसता बसून घेतलेला आकडा हे लपवतो.

आपांची पंचाईत नमाजच्या वेळी व्हायची. रुकूत वाकायचं, सजद्यात डोकं जमिनीला लावायचं आणि तिथून उठून पुन्हा उभं राहायचं, तेही पाच वेळा. एकदा भिंतीला टेकल्या म्हणून वाचल्या. खुर्ची दिली तर म्हणाल्या, ‘खुर्चीत बसून का कुणी अल्लासमोर जातं?’ माझं त्यांनी ऐकलं नसतं. मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांना घरी बोलावलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की आजाऱ्यानं बसून पढावी, बसवत नसेल तर पडून, नुसत्या इशाऱ्यानं; तीही पुरी नमाजच. रोज्यांचंही तसंच, आजाऱ्याला सवलत खुद्द कुराणात आहे. संकष्टी-एकादशीचे उपास धरणाऱ्या आणि देवासमोर वाकून झटकन उठणाऱ्या आयाबहिणींच्या घरी हेच काम एखादे गुरुजी चांगलं करतील. मुलाच्या शब्दाला तिथं वजन नसतं.

बाकी युक्त्या साध्या आहेत. झोपेतून उठल्यावर पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, पावलं वरखाली करायची, मुठी आवळायच्या, मग धरून उभं राहायचं. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की रक्त वर ढकललं जातं. घेरी येतेय असं वाटलं तर लाज न बाळगता आहे तिथं खाली बसायचं. कढत पाण्याची आंघोळ वाहिन्या सैल करते. पाणी कोमट घ्यावं आणि न्हाणीघरात स्टूल असावं. रात्री लघवीला पुरुषांनीही बसूनच जावं. भरपेट जेवणानंतर रक्त पोटाकडे जातं, म्हणून थोडं थोडं चार वेळा खावं. डायलिसिसवरच्या रुग्णांना तर यंत्रावर असताना पोटभर खाल्लं की दाब घसरतो, हे तिथले तंत्रज्ञ सांगतातच.

यंत्रावरही डोळे झाकून विसंबू नये. मोठ्या आजारात दंड वाळतो, आणि बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला की आकडा आहे त्यापेक्षा कमी येतो. पट्टा मापाचा हवा, हात छातीच्या पातळीवर टेकलेला हवा, आणि मोजताना गप्पा नकोत. नाडी अनियमित असेल तर एका मोजणीवर जाऊ नये. करोनाच्या साथीत घरोघरी आलेलं बोटाचं ऑक्सिमीटरही हात गार पडले असतील तर चुकतं.

आता धोक्याची वेळ. हातपाय गार आणि घामेजलेले, श्वास जलद, नख दाबून सोडलं तर लाली परतायला तीन सेकंदांहून जास्त, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा जागाच होत नाही, यांतलं काही दिसलं तर यंत्र शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. लघवी हे उत्तम माप आहे. पन्नास किलोच्या माणसाला तासाला निदान पंचवीस मिलिलिटर व्हायला हवी. सहा तासांत एक चहाचा कप भरला नाही, तर मूत्रपिंडांना रक्त पोचत नाही असं समजा. केमोथेरपी चालू असताना १०० च्या वर ताप, थंडी आणि दाब कमी, म्हणजे खालचे सगळे नळ सुटले : रक्तात जंतू पसरले असण्याची शक्यता. तिथं सकाळची वाट पाहू नये. अँटिबायोटिक आणि सलाइन किती लवकर सुरू झालं यावर जीव अवलंबून असतो. डेंग्यूत गंमत अशी, की ताप उतरल्यावर घरचे निश्चिंत होतात, आणि तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमका तेव्हाच, वाहिन्यांतून पाणी झिरपून दाब कोसळतो. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, वरचा आणि खालचा आकडा जवळ जवळ येणं या खुणा. महिनोन् महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यानं त्या अचानक बंद केल्या तरी दाब पडतो. आणि छातीत दुखलं म्हणून जिभेखाली ठेवायची गोळी दाब आधीच कमी असताना देऊ नये. ती तो आणखी पाडते.

शुद्ध हरपलेल्याला आडवं करून पाय उंच करतात, ते ठीक. पण दम लागलेल्या हृदयरोग्याला सपाट झोपवू नका, पाठीशी उशा द्या.

अतिदक्षता विभागात गेल्यावर एक वाक्य कानावर येतं, ‘बीपी सपोर्टवर ठेवलंय.’ म्हणजे वाहिन्या आवळणारं किंवा हृदयाला रेटा देणारं औषध पंपातून थेंबाथेंबानं सुरू आहे, बहुधा नॉरअॅड्रेनलिन. मॉनिटरवर कंसात तिसरा आकडा असतो, तो सरासरी दाब. तो ६५ च्या वर राहावा अशी साधारण खटपट असते. बाहेर बसलेल्या नातेवाइकांनी डॉक्टरांना दोनच गोष्टी विचाराव्यात. सपोर्ट कालच्यापेक्षा वाढवावा लागला की कमी? आणि ज्या कारणानं दाब पडला, ते कारण दूर होण्यासारखं आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपांच्या वेळी ‘नाही’ असं आलं. तोवर त्यांनीच सांगून ठेवलं होतं, की मला घरी ठेवा. शेवटच्या आठवड्यात वरचा आकडा ८० झाला, मग ७०. डॉक्टर म्हणाले, आता मोजू नका, पट्ट्यानं त्यांचा दंड दुखतो. दम कमी वाटावा म्हणून त्यांनी औषध दिलं होतं, ते आम्ही वेळेवर देत होतो. पाय गार पडत, त्यांवर गोधडी घालत होतो. गरम पाण्याची पिशवी मात्र ठेवू दिली नाही, कारण संवेदना गेलेल्या कातडीला भाजतं आणि रुग्णाला सांगता येत नाही. भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी हजहून आणलेलं जमजमचं पाणी आणत, काकूंनी एका संध्याकाळी वाटीत गंगाजल आणलं. दोन्ही आम्ही ठेवून घेतली. अशा वेळी पाणी कोणतंही असो, चमच्यानं तोंडात ओतू नये. गिळण्याची ताकद गेलेली असते, आणि ते सरळ श्वासनळीत उतरतं. कापसाचा बोळा भिजवून, पिळून, नुसते ओठ ओले करावेत.