पिवळा, पण कोणता पिवळा?

उद्या घटस्थापना. नऊ रंगांची यादी सोसायटीच्या ग्रुपवर फिरून फिरून जुनी झाली. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, हे आता कुणाला सांगायला नको. यंदा मात्र छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातल्या मुली त्या यादीपुढे आणखी एक प्रश्न ठेवताहेत : हा रंग माझ्या ‘सीझन’चा आहे का? सेल्फी काढून एआयला विचारलं की उत्तर येतं, तू ‘डीप ऑटम’, पांढराशुभ्र रंग टाळ. म्हणजे सोमवारी, पहिल्याच माळेला पंचाईत!

सीझनल कलर अ‍ॅनालिसिस, म्हणजे त्वचा, केस, डोळे पाहून माणसाला एक ऋतू नेमायचा आणि त्यावरून त्याचे रंग ठरवायचे, हे थोतांड नाही, असं माझं मत आहे. त्यामागचं शास्त्र मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनतज्ज्ञापाशी जातं, आणि हा माणूस मला फार आवडतो. १८२४मध्ये तो पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख झाला. निळ्या-जांभळ्या कापडात वापरलेला काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्यानं तपासलं, तर काळ्यात खोट नव्हती. शेजारचे रंग त्याला फिकं पाडत होते. कुठलाही रंग आपल्या विरुद्ध रंगाची झाक शेजाऱ्यावर टाकतो, हा नियम त्यानं १८३९च्या ग्रंथात मांडला आणि त्यात कपडे व चेहऱ्याचाही विचार केला. फिकट हिरव्या कापडाजवळ निस्तेज गोरा चेहरा गुलाबी वाटतो, जांभळ्याजवळ तोच पिवळट दिसतो. शिवाय कापडावरून परतलेला उजेड हनुवटीखाली पडतो. चेहरा ‘उजळला’ किंवा ‘उतरला’ असं आपण म्हणतो ते यामुळे.

चार ऋतूंचे कप्पे त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले. योहानेस इटेन या स्विस चित्रकार-शिक्षकानं विद्यार्थ्यांच्या रंगांच्या आवडीत आणि त्यांच्या रूपात नातं पाहिलं. कॅरोल जॅक्सन यांच्या १९८०च्या ‘कलर मी ब्युटिफुल’नं ऋतू घरोघरी नेले. माझा आक्षेप इथे आहे. त्या पुस्तकात आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या बहुतेक लोकांची रवानगी एकाच ‘हिवाळ्यात’ झाली. सोनेरी, तांबूस, तपकिरी केस आणि निळे-घारे डोळे ज्या समाजात शेजारी शेजारी बसतात, तिथे ती विभागणी ठीक. आपल्याकडे केस काळे, डोळे काळे. फरक असतो तो त्वचेत. गहूवर्णी, निमगोरी, सावळी, काळी, आणि त्यातही कुणाची झाक पिवळसर तर कुणाची तांबूस. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या, ही चाचणी सावळ्या हातावर बहुधा काहीच सांगत नाही.

आणि सेल्फीवर तर विसंबूच नका. फोनचा कॅमेरा रंग स्वतःच ‘सुधारून’ दाखवतो, ब्युटी मोड तर चेहराच बदलतो.

खरी चाचणी आपल्याकडे पूर्वीपासून चालत आली आहे. गुलमंडीवर साडी घेताना दुकानदार पदर खांद्यावर टाकतो आणि सांगतो, ‘ताई, बाहेर उजेडात बघून घ्या.’ ट्यूबलाइटखाली सारखे दिसणारे दोन रंग उन्हात वेगळे निघतात, हे त्याला धंद्यानं शिकवलंय. घरी करायचं तर सकाळी थेट ऊन येत नाही अशा खिडकीपाशी बसा. मेकअप नको, केस पांढऱ्या कापडात बांधा. मग एकाच रंगाच्या दोन छटा आळीपाळीनं हनुवटीखाली धरा. आमच्या शेजारच्या सावळ्या वहिनींवर आम्ही हे केलं. राणी रंगाची ओढणी धरली तेव्हा डोळ्यांखालची वर्तुळं जवळजवळ दिसेनाशी झाली. बेबी पिंक लावताच चेहरा राखेसारखा झाला. दोन्ही गुलाबीच.

पैठणी तर कुठल्याच कप्प्यात बसत नाही. इथून सुमारे ५० किलोमीटरवर पैठणला ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घालून धूपछाव विणतात. चालताना तीच साडी कधी जांभळी, कधी लाल झाक मारते. तिला कुठला ऋतू लावणार?

‘सावळीला गडद रंग शोभत नाहीत’ म्हणणाऱ्या आत्यांनी जेवढं नुकसान केलं, तेवढंच आता हे एआय करेल, ही माझी खरी काळजी आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी एकाच भिंतीवर सावळ्या आणि गोऱ्या आकृती शेजारी शेजारी रंगवल्या, आणि सावळीला कुठे कमी लेखलं नाही.

तेव्हा यादी सोडू नका, छटा निवडा. गुरुवारी पिवळा आहे : हळदी, केतकी, मोहरी, लिंबू, सगळे पिवळेच. पांढऱ्यात मोतिया चालतो. शनिवारचा राखाडी बहुतेकींना अवघड जाईल. त्याला उपाय ब्लाउजचा. चेहऱ्याच्या सर्वांत जवळ गळ्याचं कापड असतं, साडी त्यानंतर. राखाडी साडीवर आपल्याला खुलणारा डाळिंबी किंवा मोरपंखी ब्लाउज घाला आणि पहाटे कर्णपुऱ्याच्या देवीला जाऊन या.