पोलादी पुलांचा शीण व पुलांचीं दप्तरें

नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांत भोर व वेल्हे हा मुलूख वसला आहे. यांपैकीं वेल्हे तालुक्यास २०२५ सालीं राजगड हें नांव मिळालें. हिरडस मावळ, गुंजण मावळ हीं नांवें ज्यांस जुन्या कागदांतून परिचित आहेत, त्यांस हेंही ठाऊक असेल कीं, पावसाळ्यांत येथील कित्येक वाड्यांस बाजारगांवाशीं जोडणारा दुवा म्हणजे एखादा पूल किंवा साकवच होय. इतिहासाच्या त्रैमासिकांत पुलाच्या पोलादाची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. पोलादी पूल कां तुटतो हा प्रश्न बऱ्याच अंशीं इतिहासाचाच आहे, हें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

लोखंडी तार एकदां वांकविल्यानें तुटत नाहीं. तीच मागेंपुढें पुष्कळ वेळां वांकविली म्हणजे तुटते. धातूच्या या गुणास आम्ही शीण म्हणतों. ८ मे १८४२ रोजीं फ्रान्सांत व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आंस मोडून पन्नासांहून अधिक माणसें दगावलीं. तेव्हांपासून या विषयाकडे विद्वानांचें विशेष लक्ष वेधलें. पुढें प्रशियाच्या रेल्वेंतील आउगुस्ट व्होलर यानें आंसांवर अनेक वर्षें प्रयोग करून सिद्ध केलें कीं, जो भार एकदां ठेवल्यास धातूस कांहींच अपाय होत नाहीं, तोच लक्षावधि वेळां चढला व उतरला तर धातु मोडते.

पुलावरून प्रत्येक मालमोटार गेली कीं तुळयांतील ताण चढतो व उतरतो. रस्त्याखालच्या आडव्या तुळयांस तर गाडीचा एकेक आंस निराळा मोजावा लागतो. रिव्हेटाचें भोंक, वेल्डिंगची कड, गंजानें पडलेला खळगा, अशा ठिकाणीं ताण एकवटतो व तेथेंच केसासारखी भेग सुरू होते. वेल्डिंगच्या जोडांविषयीं नियम असा कीं, ताणाची चढउतार दुप्पट झाली तर आयुष्य सुमारें एक अष्टमांश उरतें. म्हणून ठरल्याहून जड गाड्या आज सुखरूप पार गेल्या, एवढ्यावरून पूल निर्धास्त समजूं नये. त्या फेऱ्यांची नोंद पोलादानें आपल्या ठायीं केलेलीच असते.

मात्र पूल पडला कीं त्याचें कारण शीणच, असें मानणें चुकीचें होईल. वरंधा घाट उतरून गेल्यावर लागणाऱ्या महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महापुरांत गेला. तो दगडी कमानींचा होता. १५ जून २०२५ रोजीं मावळ तालुक्यांत कुंडमळा येथें इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखालीं कोसळून ४ जण मृत्यु पावले. तेथें गंज व अतिभार यांचा विचार आधीं करावा लागतो. याच्या उलट अमेरिकेंतील ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ रोजीं पडून ४६ माणसें मेलीं, तेव्हां मूळ दोष एका पट्टीच्या डोळ्यांतील सुमारें अडीच मिलिमीटर खोल भेगेंत सांपडला. गंज व ताण यांच्या संयुक्त क्रियेनें ती वाढली होती, आणि सांधा उकलल्यावांचून ती दिसण्यासारखी नव्हती. त्या अपघातानंतर, १९७१ सालीं, अमेरिकेंत पूल-तपासणीचे राष्ट्रीय नियम झाले.

यावरून देखभालीचें धोरण निघतें. पावसाळ्यापूर्वीं व नंतर पुलाखालीं उतरून प्रत्येक जोड पाहावा. बेअरिंगांत माती व गंज सांचला तर तुळईची हालचाल अडते व नको तेथें ताण येतो. म्हणून तीं साफ ठेवावीं. पाणी जाण्याच्या नळ्या मोकळ्या असाव्यात. रंगावर तांबूस ओघळ दिसल्यास खालीं भेग असण्याचा संभव असतो. त्यावर नवा रंग फांसणें म्हणजे पुरावाच पुसणें होय. भेगेच्या टोंकाशीं खूण करून तारीख लिहावी. पुढील खेपेस तें टोंक पुढें सरकलेलें दिसलें कीं भेग जिवंत आहे असें समजावें. तज्ज्ञ टोंकाशीं भोंक पाडून तिला थोपवितात व बोल्टांनीं पट्ट्या बसवून तो भाग बळकट करितात.

आमचा मुख्य मुद्दा येथेंच येतो. एका तपासणीनें भेगेची लांबी कळते. तिची चाल कळण्यास मागील तपासण्यांचे कागद लागतात. भोर संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें व १९६२ सालीं जिल्हा परिषदा आल्या. अशा प्रत्येक फेरबदलांत कामें एका हातांतून दुसऱ्या हातांत जातात आणि दप्तरें विस्कळित होण्याचा धोका असतो. पुलाचा मूळ नकाशा, पोलादाचा प्रकार, दुरुस्तीची तारीख हें हरवलें कीं पुढील अभियंत्यास अनुमानावर चालावें लागतें. अपघातानंतर लिहिलेला अहवाल बखरीसारखा असतो. पुलाखालीं उभें राहून त्याच दिवशीं केलेली नोंद अस्सल पत्राच्या मोलाची होय.

तरी भोर-वेल्हे भागांतील ज्या वाचकांपाशीं जुन्या पुलांचे नकाशे, ठेक्याचे कागद किंवा छायाचित्रें असतील, त्यांनीं त्यांच्या नकला त्या त्या पुलाची देखभाल करणाऱ्या कचेरीकडे अवश्य पोंचवाव्यात. जुन्या कागदांचा इतका प्रत्यक्ष उपयोग क्वचितच घडतो.